मलमाच्या जाहिरातीतले आमचे हे

जुन्या जाहिरातींचा विषय निघाला की लोकांचे डोळे भरून येतात. येऊ देत बापडे. साबणाचं गाणं आठवतं, बिस्किटवाला गुबगुबीत पोरगा आठवतो, केसांच्या तेलाची ती बाई आठवते. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "आणि तो खाजकुमार?" झालं, सगळे दात काढायला लागतात. एक जण मान खाजवून दाखवतो, बाकीचे खुर्च्या सरकवतात. लग्नात, ऑफिसात, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुठेही. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता नुसता विषय निघाला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण तो खाजकुमार माझा नवरा आहे. आणि त्याला जन्मात कधी खाज झालेली नाही. डास चावला तरी हे जरासं चोळतात आणि विसरून जातात.

हे सलूनमध्ये कारागीर होते. तेव्हा वयाने कोवळे, हाताने पक्के. सलूनच्या समोरच्या गल्लीत जाहिराती बनवणाऱ्यांचा स्टुडिओ होता. ती मंडळी दाढी करायला यायची आणि आरशात स्वतःकडे बघत मोठमोठ्याने बोलायची. त्यांच्यातल्या एका दिग्दर्शकाला ह्यांचं तोंड आवडलं. ह्यांचं तोंड मुळातच लांब आणि पडलेलं. आनंदात असले तरी बघणाऱ्याला वाटतं, घरात कोणीतरी आजारी असणार. दिग्दर्शक म्हणाला, "टीव्हीवर येतोस का?" हे हुरळले. कोण नाही हुरळणार? घरातल्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मालकाला तर फेस लावता लावता सांगितलं. कशाची जाहिरात ते विचारायचं मात्र राहून गेलं.

जाहिरात अशी होती. एक ऑफिस. रांगेत टेबलं. मधल्या टेबलावर हे बसलेत आणि मान खाजवतायत. डावीकडचा खुर्ची सरकवतो. उजवीकडची बाई खुर्ची सरकवते. साहेब टेबलासकट सरकतो. चहा आणणारा लांबूनच कप ठेवतो आणि फूटपट्टीने ढकलतो. मग तो भारदस्त आवाज येतो, "सरकू नका, लावून बघा!" मलमाची ट्यूब येते, बोट येतं, आणि मग दिसते गोरीपान, गुळगुळीत, हसरी मान. सगळे खुर्च्या ओढून तिच्याजवळ येतात. ती मान ह्यांची नाहीच. तो दुसराच कोणीतरी देखणा माणूस. खाज ह्यांची आणि बरा झाला तो! ह्यांना बरं झालेलं एका क्षणासाठीही कोणी दाखवलं नाही.

आणि सगळ्यात मोठा घोळ ह्यांनी स्वतःच घातला. शूटिंगच्या दिवशी रंगवणाऱ्याने मानेवर लाल रंग फासला. दिव्यांच्या उष्णतेने तो ओघळला आणि कॉलरमध्ये गेला. पुन्हा लावला, पुन्हा ओघळला. दिग्दर्शक ओरडायला लागला की हा माणूस मुरंबा सांडल्यासारखा दिसतोय. तेव्हा आमचे हे, अतिशहाणे, पुढे झाले. म्हणाले, "साहेब, जरा थांबा, मी करतो." पिशवीत वस्तरा होताच. बेसिनपाशी गेले आणि पाणी नाही, साबण नाही, स्वतःच्या मानेवर कोरडा वस्तरा उलटा फिरवला. वरून तुरटी घासली. शिकाऊ कारागिराला पहिल्याच आठवड्यात दम भरतात की बाबा रे, हे कधी करू नकोस, गिऱ्हाईक परत येणार नाही. ह्यांनी ते मुद्दाम केलं, आणि अगदी निगुतीने केलं. मानेवर असं काही लाल पुरळ उठलं की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. दिग्दर्शक म्हणाला, "वा! खरीच दिसते!" पाठ थोपटायला त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. हे अजून ती गोष्ट कौतुकाने सांगतात. म्हणतात, काम म्हणजे काम. मी म्हणते, काम म्हणजे डोंबल.

जाहिरात लागायची रविवारच्या सिनेमाच्या आधी. अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर. पहिल्या रविवारी लोक हसले. दुसऱ्या रविवारी हसले. नंतरच्या आठवड्यात सलूनमध्ये एक जुनं गिऱ्हाईक आलं, ह्यांच्या खुर्चीशी थांबलं आणि म्हणालं, "मी थांबतो, दुसरी खुर्ची रिकामी होऊ दे." मग ती रीतच पडली. ह्यांची खुर्ची मोकळी आणि बाकीच्यांपाशी लोक ताटकळत उभे. हे सांगायचे, "अहो, ते खोटं होतं, वस्तऱ्याने उठवलं होतं." लोक म्हणायचे, "हो हो," आणि उभेच राहायचे. रंग खोटा असता तर कदाचित पटलंही असतं. पण इतकं हुबेहूब कोण करतं? मालकाने थोडे दिवस ह्यांना केस झाडायला लावलं. मग एके सकाळी आत न घेता पायरीवरच सांगितलं, "तू चांगला आहेस रे, पण गिऱ्हाईक सरकतं." तो हे गंभीरपणे म्हणाला आणि त्याच्या मागचे कारागीर खोखो हसले. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला तेच.

शहरात एकही सलून उरलं नाही जिथे ह्यांनी विचारलं नाही. सगळीकडे आधी मान बघायचे. हे कॉलर खाली करून दाखवायचे. साफ मान बघून लोकांचं समाधान व्हायचं नाही. ते म्हणायचे, "म्हणजे मलम चांगलं आहे तर."

शेवटी हॉस्पिटलात लागले. ऑपरेशनच्या आधी रोग्याच्या अंगावरचे केस काढायचं काम. रोगी खाटेला खिळलेला, सरकून सरकणार कुठे? मी त्याच हॉस्पिटलात आया होते. मी बघायचे, माणूस पोट फाडून घ्यायला निघालाय, उद्या जगतो की मरतो पत्ता नाही, आणि हे वस्तरा घेऊन आले की त्याच्या चेहऱ्यावर भलतीच भीती. "सिस्टर, हा तोच ना?" एका बाईने तर सर्जनला सांगितलं की तुम्ही कापा हवं तिथे, पण ह्याला माझ्या पायाला हात लावू देऊ नका. हे ऐकून घ्यायचे, पाणी बदलायचे आणि कामाला लागायचे. वस्तरा इतका हलका की रोग्याला झोप लागावी. मी रोज त्यांना हात धुताना बघायचे. खाज, गजकर्ण, खरूज हे सगळं मी वॉर्डात इतकं बघितलंय की खाजेचा माणूस मला लांबून, नुसत्या चालण्यावरून ओळखू येतो. हा माणूस स्वच्छ होता. मीच विचारलं, "लग्न करता का?" ते म्हणाले, "तुम्ही टीव्ही बघत नाही का?" मी म्हटलं, "बघते. म्हणून तर त्या देखण्याला विचारलं नाही." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. तेव्हाही ते आजारीच दिसले.

माझ्या माहेरचे लग्नाला आले आणि जेवून गेले. नवऱ्यामुलाला भेट द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या सख्ख्या मामाने पाकीट टेबलावर ठेवलं आणि बोटाने ढकललं. मंडप हसला. माझी आईसुद्धा हसली. मी तिला ते कधी माफ केलं नाही.

पण माणसं विसरतात. जाहिरात बंद झाली, रंगीत टीव्ही आले, दुसरं मलम आलं. वॉर्डात नवे रोगी यायला लागले, ते ह्यांना नुसते "काका" म्हणायचे. आम्हाला मुलगा उशिरा झाला. त्याला आम्ही ह्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. त्याने बापाच्या गळ्यात हात टाकले, बापाने त्याचे केस कापले, बस. रिटायर झाल्यावर ह्यांनी नव्या वस्तीत, आमच्या इमारतीच्या खालच्या गाळ्यात, स्वतःचं दुकान टाकलं. एक आरसा, एक खुर्ची, वाट बघणाऱ्यांसाठी बाक. ह्यांना आयुष्यभर तेवढंच हवं होतं. आपली खुर्ची, आणि त्यात आपणहून येऊन बसलेला, हातपाय धड असलेला माणूस. आणि लोक बसायला लागले की हो! कॉलेजची पोरं, ऑफिसातले, म्हातारे. "काका, तुमचा हात काय हलका आहे!" बाकावर जागा मिळायची नाही. दुपारी मी चहा घेऊन खाली गेले की हे माझ्याकडे न बघता म्हणायचे, "ठेव तिथे, गर्दी आहे." ते ऐकायला मी मुद्दाम चहा घेऊन जायचे.

आणि मग ते मोबाईल आले, आणि मोबाईलमध्ये लोकांच्या आठवणी.

एका संध्याकाळी मुलगा सोफ्यावर पडून जुन्या जाहिराती बघत होता. एकदम उठून बसला. "बाबा! हे तुम्ही?" हसून हसून पोरगा पुरता गडबडा लोळला. "आई, बाबा टीव्हीवर होते आणि तुम्ही मला सांगितलं नाही? बाबा, तुम्ही तर स्टार आहात!" ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "बंद कर ते. आणि कोणाला दाखवायचं नाही." तो "बरं" म्हणाला. सकाळपर्यंत त्याने सगळ्या जगाला दाखवलं होतं. एका बाजूला जाहिरातीतले हे, दुसऱ्या बाजूला दुकानात वस्तरा धरून उभे असलेले हे, आणि खाली लिहिलं, ओळखा पाहू? माझे बाबा! पत्त्यासकट.

मी त्याला झोडपायचंच बाकी ठेवलं. तो म्हणे, "आई, लोक प्रेमाने लिहितायत, बघ तरी." बघितलं. एक म्हणत होता, ह्या माणसामुळे मी लहानपणी बसमधला दांडा धरायचं सोडलं होतं. एक म्हणत होती, हा अजून जिवंत आहे? आमची आजी ह्याला बघून ताट घेऊन उठायची. काय दिवस होते ते! आणि एकाने लिहिलं होतं, अरे देवा, मी परवाच ह्यांच्याकडे दाढी केली, आता गाल कापून फेकू का? त्याच्याखाली हसून रडणारी तोंडं, ओळीच्या ओळी. पोरगा ती तोंडं मला दाखवत होता. त्याला वाटत होतं ते कौतुक आहे.

आठवड्याभरात बाक रिकामा झाला. तोंडावर कोणी काही बोललं नाही, आताचे लोक सुशिक्षित आहेत. "काका, आज घाई आहे." "काका, दाढी वाढवतोय." येणारे यायचे ते फोटोला. खुर्चीत बसायचे, ह्यांना मागे उभं करायचे, "काका, जरा खाजवा ना" म्हणायचे, फोटो काढून व्हायचा आणि ह्यांनी कापड झटकलं की ताडकन उठायचे. हे ते कापड तसंच धरून उभे राहायचे. मग घडी घालायचे.

तशात एका कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. सोनेरी जाहिरातींची संध्याकाळ, जुन्या कलाकारांचा सत्कार. हे म्हणाले, "मी जाणार." मी म्हटलं, "तुम्हाला ऐकायला नाही, बघायला बोलावतायत." ते म्हणाले, "माईक देतील ना? मग सांगतो एकदाच सगळ्यांना. सांगितलं की संपलं. लोक परत येतील." आणि रोज आरशासमोर उभे राहून ते वाक्य पाठ करायला लागले. "नमस्कार. मला कोणताही त्वचेचा रोग कधीही नव्हता. ते मी वस्तऱ्याने केलं होतं." रिकाम्या दुकानात स्वतःच्याच तोंडाकडे बघत. मला ते बघवेना. पण त्यांची आशा मोडायची माझ्यात हिंमत नव्हती.

हॉल खचाखच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या लावलेल्या. तेलवाली बाई आली, केस पार विरळ झालेले, तरी लोक उभे राहिले, ती रडली. बिस्किटवाला पोरगा आता टकला, त्याने एक बिस्किट खाऊन दाखवलं, त्यालाही टाळ्या. ह्यांचा नंबर शेवटी. हे इस्त्रीच्या शर्टात, मानेचं बटण उघडं ठेवून, म्हणजे लोकांना मान दिसावी. माईक हातात घेतला आणि पाठ केलेलं वाक्य अगदी बरोबर म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

मग सूत्रसंचालक म्हणाला, "म्हणजे मलम लागू पडलं म्हणायचं!" हॉल फुटला. हे पुन्हा म्हणाले, "नाही, नाही, खरंच." जितकं कळवळून म्हणत होते तितके लोक जास्त हसत होते. त्या लांब, पडलेल्या तोंडावर ते शोभतच होतं ना! सूत्रसंचालकाने आरोळी दिली, "सरकू नका!" आणि अख्ख्या हॉलने उत्तर दिलं, "लावून बघा!" आणि सगळ्यांनी मिळून, बायका, म्हातारे, नातवंडं, सगळ्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या. प्लॅस्टिकचे पाय फरशीवर खरखरले. "काका, एकदाच! एकदाच!" हे मला शोधत होते. मी हात हलवून "उतरा, खाली उतरा" म्हणत होते. त्यांना दिसलं की नाही माहीत नाही. त्यांनी हात वर नेला आणि मान खाजवली. चांगली खाजवली. संध्याकाळभरातली सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली. बक्षीस म्हणून मलमाच्या ट्यूबा भरलेलं खोकं दिलं. देणाऱ्याने ते टेबलावर ठेवून ढकललं.

घरी येताना टॅक्सीत हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, काचेबाहेर बघत. मुलगा माझ्या कानाशी आला. "आई, रागावू नको. पण तेव्हा खरंच काही नव्हतं ना? नाही, इतकं खरं दिसतं म्हणून विचारतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "त्याच गळ्यात पडून मोठा झालास ना रे? तुला झाली का खाज?" तो मोबाईल काढून बसला. पण त्याने विचारलं ते विचारलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला निघाला होता. मी त्याला जिन्यातच अडवला. "दाढी वाढलीय. चल खाली, बापाच्या खुर्चीत बस."

"आई, मी करतो ना घरी. नाहीतर तिकडे त्या सलूनमध्ये..."

"तुझ्या हौसेने त्यांचं दुकान बसलं. आता रस्त्यावरच्या लोकांना दिसू दे की पोटचा पोरगा तरी बसतोय. बस म्हणते ना!"

बसला. मी दाराशी उभी राहिले. ह्यांचा चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! नवीन कापड काढलं, झटकलं, त्याच्या गळ्याभोवती बांधलं. गरम पाणी, ब्रश, फेस. दोन्ही गाल पांढरे केले. रस्त्यावरून जाणारे एक-दोघे थबकून बघायला लागले. ह्यांनी वस्तरा उघडला, डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली ठेवली आणि मान वर केली.

आणि पोराची मान मागे गेली. बाहेरून बघणाऱ्याला कळलंही नसेल. एवढंसंच. मुद्दाम नव्हतं ते, मलाही माहीत आहे. त्याचं त्यालाही कळलं असेल नसेल. पण ह्यांची बोटं तिथेच होती, हवेत, आणि त्यांच्यावर हनुवटी नव्हती.

ह्यांनी वस्तरा मिटला. टॉवेल ओला केला, पिळला आणि मुलाच्या गालावरचा फेस हळूहळू सगळा पुसून काढला. कानामागचासुद्धा. कापड सोडलं, झटकलं. त्यावरून एक केस पडला नाही.

"बघ," हे म्हणाले, "कशी झाली?"

मुलाने आरशात बघितलं. गालावरून हात फिरवला. दाढी होती तशी होती. तो बापाकडे बघेना, माझ्याकडे बघेना.

"छान झाली, बाबा," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी जरा लवकर येत जा," हे म्हणाले. "गर्दी असते."

तो बॅग उचलून निघून गेला, आणि हे ब्रश धुवायला बेसिनपाशी गेले.